पाटाच्या पाण्याचे माहेर : एक दिवस कळसूबाईवर

पंढरपूर, आळंदी, वणी, शिर्डी ही ठिकाणे आपण करतोच. चालण्याचे आपल्याला कौतुक नाही. पण डोंगर चढायचा म्हणून मुद्दाम घर सोडायचे, हा शहरातल्या सवड असलेल्या पोरांचा उद्योग, असे आपल्यापैकी पुष्कळांना वाटते. वर्षभर खुरपणी, दारे धरणे, ऊसतोडणी यांत ज्याचे अंग मोडून निघते, त्याने मोकळ्या दिवशी आणखी घाम कशाला गाळावा? प्रश्न रास्त आहे. तरी मी तुम्हाला सांगणार आहे की एक दिवस काढा आणि कळसूबाईवर जाऊन या. विशेषतः प्रवरेच्या पाटावर ज्यांची शेती आहे, त्यांनी तर जावेच. जाताना घरातल्या बाईमाणसालाही बरोबर न्या.

कळसूबाई हे महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर. उंची १६४६ मीटर, म्हणजे ५४०० फूट. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले तालुका आणि नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी तालुका यांच्या शिवेवर ते उभे आहे. हिमालयापुढे हा डोंगर लहानच म्हणायचा. एव्हरेस्टच्या पाचव्या हिश्शाएवढाही नाही. विरळ हवेने डोके दुखणे, मळमळणे हा जो त्रास फार उंचावर होतो, तो साधारण अडीच हजार मीटरच्या पुढे सुरू होतो. त्यामुळे इथे ती धास्ती नको. पण पायथ्याच्या बारी गावापासून माथ्यापर्यंत सुमारे २७०० फुटांचा चढ आहे आणि तो बहुतेक सगळा उभा आहे. नेटाने चालणाऱ्याला तीन तास, बायका-पोरे बरोबर असली तर चार तास धरा. उतरायला अडीच-तीन तास. म्हणजे पहाटे निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला खाली येतो.

गेल्या मार्गशीर्षात आम्ही सोळा जण गेलो होतो. सगळे लाभक्षेत्रातले शेतकरी, त्यांत सहा बायका. सर्वांत थोरले बाबा सत्तरीला टेकलेले, श्रीरामपूरकडचे जुने बागायतदार. त्यांची मंडळीही बरोबर होती. त्या दोघांचा उल्लेख पुढे येईल.

वाटाड्या घ्या आणि रोज आधी ठरवा

वाट मळलेली आहे, सुट्टीच्या दिवशी तर माणसांची रीघ असते, मग वाटाड्या कशाला, असे तुम्ही म्हणाल. माझे मत वेगळे आहे. धुके उतरले की दहा पावलांवरचे दिसत नाही आणि डोंगराच्या धारेवर दहा पावले पुष्कळ झाली. शिवाय हा डोंगर नुसता चढून उपयोग नाही, तो कुणीतरी दाखवावा लागतो. बारी आणि आसपासच्या वाड्यांतून महादेव कोळी समाजाची वस्ती आहे. त्यांच्यातली तरुण मुले, आता काही मुलीही, वाट दाखवण्याचे काम करतात. भाताचे चार महिने संपले की हाताला काम राहत नाही, मग नारायणगाव-संगमनेरकडे मजुरीला जावे लागते. वाटाड्याचा रोज मिळाला तर तेवढे दिवस घर सुटत नाही.

रोज आदल्या रात्रीच ठरवा. किती माणसे, कुठवर जायचे, ओझे उचलायचे की नाही, जेवण कुणाचे, हे सगळे बोलून घ्या. ठरल्यापेक्षा जास्तीचे काम सांगू नका. हा नियम माझा नाही, खुद्द कळसूबाईचा आहे. तिकडची कथा अशी सांगतात : कळसू नावाची मुलगी डोंगराखालच्या इंदोरे गावात पाटलाच्या घरी कामाला राहिली. राहताना तिने अट घातली होती की भांडी घासणे आणि केर काढणे सोडून दुसरे कोणतेही काम सांगा. काही दिवस बरे गेले. मग एके दिवशी घरात पाहुणे फार झाले आणि तिला भांडी घासायला लावली. तिने ती घासली, पण घर सोडून डोंगर गाठला तो कायमचा. भांडी घासली ती जागा थाळेमेळ आणि जिथे जाऊन राहिली ते कळसूबाईचे शिखर. देवी झालेल्या मोलकरणीच्या डोंगरावर वाटाड्याशी घासाघीस करणे शोभत नाही, हे आमच्या बाबांना त्यांच्या मंडळींनीच सुनावले.

आमचा वाटाड्या बावीस-तेवीस वर्षांचा, बारावी झालेला. पायांत साध्या रबरी चपला. बूट घातलेले आम्ही त्याच्या मागे धापा टाकीत होतो. तुम्ही मात्र चपलांवर जाऊ नका. तळाला खाचा असलेला, अंगठ्याला न चावणारा जुना बूट बरा. नवा बूट त्या दिवशी पहिल्यांदा घालू नये. नऊवारी नेसणाऱ्या बायकांची अडचण होत नाही, कासोटा घट्ट असला म्हणजे झाले. पाचवारी नेसणाऱ्यांनी शिडीवर पदर खोचून घ्यावा.

शेतकऱ्याच्या डोळ्याने वर पाहा

सकाळी सहाला निघालो. गाव सुटले की भाताची खाचरे लागतात. मार्गशीर्षात ती रिकामी होती आणि खळ्यावर झोडणी चालली होती. खाचराचा बांध पाहिला की आपल्याकडच्या ताली आठवतात, पण इथले बांध पाणी धरून ठेवण्यासाठी आहेत. आठवडाभर चिखल टिकला नाही तर आवणी होत नाही. थोडे वर गेले की जमीन बदलते. वीतभर माती, खाली मुरूम. इथे भात संपतो आणि नागली, वरई, खुरासणी सुरू होते. खुरासणीच्या पिवळ्या फुलांचे दिवस भाद्रपद-आश्विनातले. तेव्हा गेलात तर सगळा उतार हळदीने माखल्यासारखा दिसतो. आणखी वर नांगर चालत नाही. तिथे गवत, कारवी आणि दगड. कारवी सात-आठ वर्षांतून एकदा फुलते, बी टाकते आणि वाळून जाते. तिच्या काठ्यांचे कूड घालून शेणाने लिंपले की घराची भिंत होते.

वाट अशी आहे की एक कडा चढला की सपाटी लागते, पुन्हा कडा, पुन्हा सपाटी. हे असे का, ते समजून घ्या म्हणजे दम लागलेला कमी वाटतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून तापलेला रस बाहेर आला आणि एकावर एक थर बसत गेले. तोच आपला काळा दगड. प्रत्येक थराचा कडा झाला आणि दोन थरांच्या मधला मऊ भाग झिजून सपाटी झाली. कुठे कुठे दोन थरांच्या मध्ये विटेसारखा तांबडा पट्टा दिसतो. ती पुढचा थर येण्यापूर्वी उघड्यावर पडलेल्या दगडाची झालेली माती, वरच्या रसाने भाजून निघालेली. तुमच्या शेतातली काळी जमीनही याच दगडाची लेक. इथे वीतभर आणि तुमच्याकडे पुरुषभर, एवढाच फरक. हजारो वर्षे डोंगर झिजला, नदीने माती वाहिली, ती खाली साठली.

कड्यांच्या जागी लोखंडी शिड्या बसवलेल्या आहेत. पूर्वी दगडातल्या खोबणींना धरून चढत. शिडीला दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणून काठी आणि पिशवी खालीच कुणाच्या तरी पाठीला द्या. एका वेळी एकच पाय किंवा एकच हात हलवायचा, बाकी तीन पक्के. खाली उतरताना तोंड शिडीकडे ठेवायचे. पावसात शिड्या निसरड्या होतात आणि श्रावणातल्या रविवारी त्यांच्यावर रांग लागते. तेव्हा त्या दिवसांत घरच्या माणसांना घेऊन जाऊ नये, असे माझे स्पष्ट सांगणे आहे. चैत्र-वैशाखातल्या दुपारी वळिवाची वीज असते. लोखंडाजवळ आणि माथ्यावर तेव्हा थांबू नये. दसरा ते महाशिवरात्र हे दिवस उत्तम. नवरात्रात वर मोठी यात्रा भरते. ज्यांना गर्दीत देव भेटतो त्यांनी तेव्हा जावे.

दुसऱ्या शिडीपाशी आमच्या आजी थांबल्या. गुडघे दुखत होते असे नाही, वर पाहून छाती दडपली. मंडळींनी दोन्ही बाजूंनी सल्ले सुरू केले. कुणी म्हणे बसा इथेच, कुणी म्हणे डोळे मिटून चढा. वाटाड्याने सगळ्यांना पुढे घातले. आजींना तो म्हणाला, “आजी, वर बघू नका. माझी टाच बघा. मी जिथं पाय ठेवीन तिथं तुमचा हात.” एक पायरी तो चढे, एक त्या चढत. वर पोचल्यावर त्यांनी पहिले काय विचारले असेल? “तुझं लगीन झालं का रे?” नाही म्हटल्यावर त्यांनी एक स्थळ सुचवले.

पाऊस कुणाचा, पाणी कुणाचे

पुढच्या सपाटीवर गावातल्याच एका बाईंनी चुलीवर चहा मांडलेला होता. तिथे बसून बाबांनी मनातले विचारले. “पोरा, तुमच्याकडं पावसाला तोटा नाही. आमच्यासारखं पाळीची वाट बघत बसावं लागत नाही तुम्हाला.”

वाटाड्या हसला. “बाबा, पाऊस आमचा, पाणी तुमचं. चैतात या, आमची विहीर दाखवतो. आई रात्री दोनला उठून झऱ्यावर जाती. वाटीवाटीनं हंडा भरती. उजाडेपर्यंत दोन हंडे झाले तर झाले.”

बाबा काही बोलले नाहीत. चहाचे पैसे मात्र सोळा जणांचे त्यांनीच दिले.

मला इथे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण आपल्याकडच्या शिकल्यासवरलेल्या माणसालाही हे खोटे वाटते. भंडारदऱ्याच्या जलाशयापलीकडे घाटघरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. त्याच जिल्ह्यात राहुरी-श्रीरामपूरला पाचशे-साडेपाचशे. दहापट पाऊस पडणाऱ्या मुलखात उन्हाळ्यात घोटभर पाण्यासाठी रात्र काढावी लागते, याचे कारण जमिनीत आहे. उतार तीव्र, माती वीतभर, खाली अखंड कातळ. पाणी मुरायला जागाच नाही. आषाढ-श्रावणात पडले ते काही तासांत ओढ्याला लागते. जे थोडे कातळाच्या फटींत शिरते, ते दोन थरांच्या सांध्यावरून झऱ्याच्या रूपाने बाहेर येते आणि फाल्गुनापर्यंत आटते. माथ्याच्या अलीकडच्या सपाटीवर एक विहीर आहे. एवढ्या उंचीवर पाणी पाहून लोक देवीचा चमत्कार म्हणतात. मला त्यात याच सांध्याचा हात दिसतो. दोन्ही म्हणणाऱ्यांनी पाणी सारख्याच जपून वापरावे.

आता हे पाणी जाते कुठे ते पाहा. दक्षिण उताराचे पाणी भंडारदऱ्याच्या जलाशयात उतरते. प्रवरा उगम पावते रतनगडावर, पण तिची ओटी भरणाऱ्या ओढ्यांत कळसूबाईचे ओढेही आहेत. बारीच्या बाजूची कृष्णवंती नदी वाकीच्या तलावातून पुढे निळवंड्याकडे जाते. उत्तरेचे पाणी इगतपुरी तालुक्यातून दारणेच्या खोऱ्यात आणि तिथून गोदावरीला. एका धारेवर फुटलेले हे दोन प्रवाह पुन्हा एक होतात ते थेट प्रवरासंगमाला, नाथसागराच्या तोंडाशी. भंडारदऱ्याचे धरण १९१० मध्ये सुरू होऊन १९२६ मध्ये पुरे झाले. उंची २७० फूट, साठा अकरा अब्ज घनफूट. त्या पाण्यावर प्रवरेकाठचा ऊस उभा राहिला, लोणीचा सहकारी साखर कारखाना १९५० मध्ये सुरू झाला, तुमच्या-आमच्या पोरांची शिक्षणे झाली. निळवंड्याला मंजुरी १९७० ची, आणि डाव्या कालव्याचे लोकार्पण झाले ऑक्टोबर २०२३ मध्ये. एका पिढीने वाट पाहण्यातच जन्म काढला. पण या सगळ्या हिशेबात डोंगरावरच्या माणसाचा रकाना कुणी फारसा मांडला नाही. त्याच्या वाट्याला पाऊस, धूप आणि रात्री दोनचा हंडा.

पाणी अडवायचे ते माथ्याकडून पायथ्याकडे, हे आम्ही विस्तारवाले सभेत घसा कोरडा होईपर्यंत सांगतो. डोंगरावर गेलात की ते डोळ्यांनी दिसते. ओघळ सुरू होतो तिथे हातभर रुंद असतो. तिथे चार दगड रचले तर तो थांबतो. खाली तोच ओघळ घळ होतो आणि तिथे लाख रुपये घातले तरी पुरत नाहीत. मध्यम उतारावर सलग समतल चर, वर गवत राखणे, ओघळीत दगडी बांध, झऱ्याच्या वरच्या अंगाला झाडी. काम असे उतरत आले पाहिजे. ही माती डोंगरावर राहिली नाही तर ती येते कुठे? तुमच्या धरणात. गाळाने भरलेली जागा पाण्याला मिळत नाही. म्हणून म्हणतो, डोंगरावरचा बांध हा पाटाखालच्या शेतकऱ्याच्याही कामाचा आहे, आणि गावाने श्रमदान मांडले तर खालच्या सोसायट्यांनी हात लावायला हरकत नसावी. याच कारणाने वाट सोडून आडवाटेने चढू-उतरू नका. शंभर माणसे एका नव्या वाटेने गेली की पावसाळ्यात तिचा ओघळ झालाच म्हणून समजा.

माथा

शेवटची शिडी संपली की देवीचे छोटेसे देऊळ. आत दोन-तीन माणसे मावतात. मंगळवारी आणि गुरुवारी पूजा असते. वारा असा की टोपी हाताने धरावी लागते. पायथ्यापेक्षा वर पाच अंश तरी गारवा असतो, कारण हजार मीटरला साडेसहा अंश या हिशेबाने उष्णता उतरते. घाम आलेल्या अंगाला हा वारा बाधतो. म्हणून पिशवीत एक कोरडा सदरा, बायकांसाठी शाल ठेवावी. आणखी एक गंमत आमच्या बायकांना फार आवडली. या उंचीवर पाणी शंभर अंशांना नव्हे, साडेचौऱ्याण्णव अंशांच्या आसपासच उकळते. म्हणजे डोंगरावर राहणारीची डाळ उघड्या भांड्यात उशिरा शिजते, त्यात तिचा आळस नाही.

दिवस निवळ असेल तर दक्षिणेला भंडारदऱ्याचे पाणी, त्यामागे रतनगड आणि दूरवर हरिश्चंद्रगड. पश्चिमेला अलंग, मदन, कुलंग हे तिन्ही किल्ले एका रांगेत. पूर्वेला बितनगड आणि पट्टागड, उत्तरेला त्र्यंबककडचे डोंगर, आणि नशीब असेल तर सप्तशृंगीही. बाबा बराच वेळ पाण्याकडे पाहत उभे होते. मग त्यांनी वाटाड्याला जवळ बोलावले आणि आमचा पाट कुठल्या अंगाला, ते विचारून घेतले. नारळ त्यांनी देवळात वाढवला, पण अर्धी वाटी त्याच्या आईसाठी म्हणून फडक्यात बांधून घेतली.

उतरणीला घाई नको. चढताना छाती थकते, उतरताना गुडघे. पावले लहान टाका, टाच आधी टेकवा, काठी पुढे टाका. ज्यांना छातीचा विकार आहे, रक्तदाब आहे, त्यांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय चढूच नये. पाणी माणशी दोन लिटर न्यावे. भाकरी, ठेचा, गूळ-शेंगदाणे यांच्याइतका सोयीचा शिधा दुसरा नाही. हा सगळा मुलूख १९८६ पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहे. काडी ओढून फेकू नये, प्लॅस्टिकचा कागद खिशात घालून खाली आणावा. माकडे हातातली पिशवी ओढतात.

जेवण वाटाड्याच्या घरीच सांगून ठेवा. आम्हाला नागलीची भाकरी, उडदाचे घुटे आणि भात मिळाला. भात घरचा, काळभाताचा. वास दारातून येत होता. या अकोले तालुक्यातल्याच कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना देशी बियाणे राखल्याबद्दल २०२० ची पद्मश्री मिळाली, हे आपण वाचले असेल. त्यांच्यासारखेच या वाड्यांतल्या पुष्कळ घरांत उतरंडीत जुने वाण अजून आहेत. तांदूळ, नागली, वरई विकत घ्या. भाव विचारा आणि दुकानातल्या सुवासिक तांदळाला आपण काय मोजतो ते आठवा. आमच्या आजींनी पाच शेर तांदूळ घेतला, वर मूठभर भात बियाण्याला मागून घेतला. आपल्या चुनखडीच्या जमिनीत तो नीट येणार नाही असे मी त्यांना सांगितले. “साहेब, तुम्ही सांगितलं, मी ऐकलं,” म्हणाल्या, आणि बी पदराला बांधले.

बारीला यायचे तर अकोले, राजूर, शेंडीमार्गे किंवा घोटीहून एसटीने येता येते. रेल्वेने येणाऱ्यांना इगतपुरी आणि घोटी जवळ. परतीच्या गाडीची वेळ आदल्या दिवशीच स्थानकावर विचारून ठेवा. वाटाड्याचा रोज त्याच्या घरात, सगळ्यांसमोर मोजून द्या.